ओ पॉझिटिव्ह मामाचा तांब्या

सोयऱ्याच्या डोक्यात तांब्या घालायचा असेल तर तो आधी रिकामा असावा. भरलेला तांब्या जड असतो खरा, पण पाणी हिंदकळते आणि नेम चुकतो. माझा चुकला नाही, कारण त्यातल्या पाण्याने पाहुण्यांनी नुकतेच पाय धुतले होते. माझ्या भाचीच्या लग्नाची बैठक होती आणि ज्याच्या कपाळावर तो पितळी तांब्या मी घातला, तो नवऱ्या मुलाचा सख्खा चुलता होता. कपाळ फुटले. रक्त त्याच्या भुवईवरून, नाकावरून पांढऱ्या सदऱ्यावर आले. रोज पाच-पाच मिली मोजून रक्त काढणारा माणूस मी. एवढे रक्त एकदम वाया जाताना पाहून माझ्या मनात पहिला विचार आला, नळी कुठे आहे?

असे मधूनच सांगायला लागलो तर मी कुणी गुंड वाटेन. मी गुंड नाही. मी कुरुंद्याला रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतो. एक खोली, एक फ्रीज, एक रक्त फिरवायचे यंत्र आणि मी. लोक मला डॉक्टर म्हणतात, मीही त्यांना फारसे अडवत नाही. तिथूनच सगळे बिघडले असावे.

माझ्याकडे दोन रजिस्टरे आहेत. एकात लोकांचे रक्तगट, दुसऱ्यात थायरॉईडचे रिपोर्ट. थायरॉईडचे रक्त मी फक्त काढतो, तपासणी नांदेडला होऊन येते. एका रिकाम्या दुपारी मोबाईलवर कुणीतरी पुढे ढकललेला मजकूर वाचला की, रक्तगट आणि थायरॉईडचा आजार यांचा काही संबंध असू शकतो. ‘असू शकतो’ हे दोन शब्द मी वाचले नाहीत. दोन्ही रजिस्टरे शेजारी मांडली, लाल पेन घेतला आणि थायरॉईडवाल्या प्रत्येकाचा गट हुडकून खुणा करत गेलो. बऱ्याचशा खुणा बी पॉझिटिव्हसमोर पडल्या. ओ पॉझिटिव्हसमोर फार थोड्या. मी टेबलावर मूठ आपटली. जग कुठे कुठे शोधत बसले होते आणि उत्तर कुरुंद्याच्या बसस्टँडमागे होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगत सुटलो. बी म्हणजे थायरॉईडचे रक्त. आज ना उद्या गळा सुजणार, डोके फिरणार, माणूस मारझोड करणार. आणि ओ म्हणजे सुखाचे रक्त. मी स्वतः ओ पॉझिटिव्ह, हे सांगायची गरज नाही, पण मी सांगायचो. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, कटिंगच्या दुकानात सांगितले, सुई टोचताना पेशंटला सांगितले.

त्याच वर्षी मी सहा-सहा भाकरी खाऊन वाळत चाललो होतो. पँट कमरेवर राहीना म्हणून सुतळी बांधायचो. थंडीत पंखा लावून झोपायचो, म्हणजे झोपायचो नाहीच, छताकडे बघत पडायचो. छातीत हळद शिजवायची कढई उकळावी तसे धडधडत राहायचे. हाताला कंप सुटला होता आणि शीर सापडेना, तेव्हा मी सुया बनवणाऱ्यांना शिव्या घालायचो. आणि राग! एका म्हाताऱ्याने “दुसऱ्यांदा काहून टोचून राहिले?” एवढेच विचारले तर मी त्याच्या दंडाचा रबरी पट्टा ओढून त्याच्याच तोंडावर मारला. लाईट गेली म्हणून इन्व्हर्टरला लाथ घातली, तर अंगठ्याचे हाड मोडले. मोटारसायकल बंद पडली आणि एस.टी. थांबली नाही म्हणून हेल्मेट भिरकावले, मागची काच फुटली, आणि कंडक्टरने खाली उतरून मला रस्त्यात लोळवून मारले. फुटलेला ओठ घेऊन घरी गेलो तर बायकोने कापूस दिला, पण हातभर लांबून. ती त्या दिवसांत माझ्यापासून हातभर लांबच बसायची. मी म्हटले, “काय झालं? मी काय वाघ हाय का?”

ती म्हणाली, “अहो, एवढे रोज लोकांचं रक्त बघता, एक डाव तुमचं बघा.”

“माझं काय बघायचं? मी ओ हाय.”

तर अशा ओ पॉझिटिव्ह अवस्थेत मी अक्काच्या गावी पोचलो. माझी थोरली बहीण सिद्धेश्वरच्या धरणाकडे दिलेली आहे. दाजींच्या शेळ्या आहेत, थोडे रान आहे. एकुलती एक पोरगी, माझी भाची. तिला कनेरगाव नाक्याचे स्थळ आले होते. मुलाचा बाप नाही, चुलत्याने वाढवलेला, दोघे मिळून ढाबा चालवतात. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, नुसते पसंत नव्हे तर फोनवर रोज बोलत होते. उरली होती ती फक्त बैठक, म्हणजे चार माणसांत देणे-घेणे बोलायचे आणि मटण खाऊन उठायचे. आमच्याकडे मामाचा मान मोठा. लग्नात मुलगी बोहल्यावर उभी राहते तेव्हा तिच्या मागे मामा उभा लागतो. ती जन्मली त्या दिवसापासून मी त्या जागेवर हक्क सांगत आलो होतो.

सकाळी दाजींनी बोकड काढला. मला मागचे पाय धरायला सांगितले. दाजींनी सुरी फिरवली आणि नेमका तेव्हा माझ्या हातांना तो कंप सुटला. बोकड अर्ध्या कापल्या गळ्यानिशी उठला, मला छातीवर लाथ घालून अंगणभर धावला, सारवलेल्या जमिनीवर, रांगोळीवर, तुळशीवर रक्ताच्या चिळकांड्या उडवत. शेवटी दाजींनी त्याला गुडघ्याखाली दाबून संपवला आणि लाल हातांनी कपाळ पुसत माझ्याकडे पाहिले.

“मेव्हणे, तुमी रोज सुया टोचता ना? का लोकायला नुसत्या गुदगुल्या करता?”

सगळे हसले. माझ्या कानात काहीतरी सणसणले. मी त्यांच्या हातातल्या सुरीकडे पाहिले, आणि आज लिहिताना हात आखडतो, पण दोन क्षण मी ती सुरी कुठे घालायची याचा विचार केला.

दुपारी पाहुणे आले. पाय धुतले, टेकले. मग मुलाची माहिती छापलेला तो कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण. आणि खाली, जसा प्रत्येकाच्या कागदावर असतो तसा, रक्तगट. बी पॉझिटिव्ह.

मी घसा खाकरला. “हे लग्न होणार न्हाई.”

अक्का आतून ओरडली, “काय बरळतो रे?”

“या पोराला थायरॉईड होणार. बी रक्त हाय. आज ना उद्या डोकं फिरंल अन् पोरीला मारंल. मी माझी भाची मारक्या घरात देणार न्हाई.”

मुलगा बिचारा खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत होता. मग त्याचा चुलता बोलला. तंदूरसमोर उभे राहून भाजलेला, रेड्याच्या मानेचा माणूस, पण आवाज मऊ.

“मामा, पोरीवर हात उचलणारा आमच्या घरात पैदा न्हाई झाला. काहून असं बोलून राहिले?”

“मी न्हाई बोलून राहिलो, माझं रजिस्टर बोलून राहिलंय.”

“मग असं करू,” तो हसत म्हणाला, “तुमी लघव्या तपासा. पोरं आमी तपासतो.”

बैठक खदाखदा हसली. दाजीसुद्धा हसले. शेजारी तांब्या होता.

पुढचे मला तुकड्या-तुकड्यांत आठवते. चुलता कपाळ धरून बसला. त्यांच्याकडची तीन पोरे माझ्यावर पडली. एकाने केस धरले, एकाने पोटात गुडघा घातला, तिसऱ्याने गोठ्यातला खुंटा उपटून पाठीवर हाणला. मी एकाच्या मनगटाला चावलो, त्याचा घाम आणि अत्तर अजून जिभेवर आहे. दाजी सोडवायला आले तर त्यांच्या जबड्यावर माझेच कोपर बसले, दात पडला. मी शेळ्या कोंडायच्या वाडग्यात उताणा पडलो आणि घाबरलेल्या शेळ्या माझ्या तोंडावरून खूर देत पळाल्या. अक्का चुलीतले पेटते लाकूड घेऊन आली. कुणाला मारायचे हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने आधी मलाच एक दिला. दंडावर तो डाग अजून आहे. आणि तांब्या मात्र माझ्या हातातून सुटला नव्हता. शेवाळावर उभे राहावे तसा मी उठलो, दिसेल त्याच्यावर फिरवायला लागलो.

“मामा, पुरे!”

भाची माझ्यासमोर आली होती. हिरवी साडी, दोन्ही हात पुढे. तिने माझा हात धरायला हात पुढे केला. मी तांब्या फिरवला.

बांगड्या फुटल्या. त्या दिवसासाठी भरलेला तो हिरवा चुडा, सगळा, एका आवाजात. काचा तिच्या मनगटात शिरल्या आणि रक्त तळहातावरून बोटांच्या टोकांना आले. तिने मनगटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला आजवर पुष्कळांनी मारले आहे, पुढेही मारतील. पण ते बघणे मला सहन झाले नाही.

तांब्या तेव्हा खाली पडला.

गावात त्या घटकेला गाडी एकच होती, पाहुण्यांची. त्यामुळे ज्यांची डोकी मी फोडली त्यांच्याच जीपमध्ये, त्यांच्याच मांडीला मांडी लावून मी दवाखान्यात गेलो. चुलत्याच्या डोक्याला अक्काच्या लुगड्याची चिंधी बांधलेली, भाचीच्या मनगटाला मुलाचा रुमाल. मुलगा तिचा हात वर धरून बसला होता, रक्त खाली येऊ नये म्हणून. ते मी मागल्या सीटवरून पाहिले. मी ज्याला चावलो तो पोरगा माझ्या शेजारी. तो मधूनच विचारायचा, “काय ओ, तुमाला कुत्रं चावलंय का? मला इंजेक्शन घ्यावं लागंल का?”

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने चुलत्याला टाके घातले, भाचीच्या मनगटातल्या काचा चिमट्याने एकेक करून काढल्या. ट्रेमध्ये काच पडल्याचा टिंग आवाज यायचा आणि मी दर वेळी डोळे मिटायचो. मग ती माझ्याकडे वळली. माझे फुटलेले ओठ तिने पाहिलेच नाहीत.

“डोळे असे कधीपासून आहेत?”

“कसे?”

“बाहेर आल्यासारखे. हात पुढे करा. बोटं पसरा.” तिने माझ्या बोटांवर एक कोरा केसपेपर ठेवला. तो वाऱ्यात ठेवल्यासारखा फडफडला. तिने नाडी पाहिली, मला पाणी प्यायला लावून गिळताना गळा पाहिला. “थायरॉईड तपासलं कधी?”

“मॅडम, मी ओ पॉझिटिव्ह हाय.”

“बरं. मग?”

मग मी तिला माझा शोध सांगितला. टाके घातलेला चुलता, दात पडलेले दाजी, मनगट बांधलेली भाची, सगळे ऐकत होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे तिचे मोठेपण.

“तुमच्याकडे रक्तगट कोणाचे असतात?”

“जास्ती करून गरोदर बायांचे.”

“आणि थायरॉईडला कोण येतं?”

“बायाच.”

“आणि आपल्या भागात बी गटाची माणसं मुळातच किती असतात, ते मोजलंत? ज्यांना थायरॉईड नाही अशांचे गट मांडून बघितले?”

निरोगी माणूस माझ्या लॅबमध्ये कशाला येईल?

“संबंध असेलही,” ती म्हणाली, “शोधतायत लोक. कुणाला सापडतो, कुणाला नाही. पण त्यावरून लग्न मोडत नाहीत, आणि स्वतःची तपासणी तर मुळीच टाळत नाहीत. रक्त द्या.”

दुसऱ्याचे रक्त काढणाऱ्याला स्वतःचे देताना घेरी येते, हे मी तिथे दाखवून दिले. रिपोर्ट आला. टीएसएच जवळपास नाहीच, बाकीचे आकडे छताला. माझी थायरॉईड ग्रंथी वर्षभर जास्तीचे काम करत होती आणि मी तिला रजिस्टर दाखवून गप्प करत होतो. गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला आठवडे लागतील, असे सांगितले.

पण लग्न मोडल्यात जमा होते. चुलत्याने पोलिसांत तक्रार दिली नाही, इतकेच. अक्काने फोनवर मला एकच वाक्य ऐकवले, “माझ्या लेकराच्या चुड्याचा आवाज माझ्या कानातून जाईना, तू तुझं तोंड दाखवू नको.” भाची जेवत नव्हती. हे काम माझे होते, हे मलाही कळत होते. तीनेक आठवड्यांनी मी रिपोर्ट खिशात घालून, रक्तगट तपासायच्या बाटल्या पिशवीत घेऊन कनेरगाव नाक्याला गेलो.

चुलता तंदूरसमोर होता. हातात रोटी काढायची लांब लोखंडी सळई. कपाळावर टाक्यांची खूण अजून जांभळी. मला पाहून त्याने सळई खाली ठेवली नाही.

“काय आणलं?”

“रिपोर्ट. मला थायरॉईड हाय. राग त्याच्यामुळं...”

“कागदानं टाके उसवतात का, मामा?”

“न्हाई.”

“मग तो कागद तुमच्याकडं राहू द्या.” तो पुढे आला आणि सळई धरलेल्या हाताने नाही, तर मोकळ्या हाताने माझ्या कानाखाली अशी ओढली की मी कांद्याच्या पोत्यावर जाऊन पडलो. ट्रकवाले जेवायचे थांबले. कानात शिट्टी वाजत होती. आणि गंमत बघा, मला राग आला नाही. मी पोत्यावर पडल्या-पडल्या वाट पाहिली, आता येईल, आता येईल. आला नाही. गोळ्या कामाला लागल्या होत्या, हे मला त्या थापडेने कळले.

“हे माझ्या कपाळाचं,” तो म्हणाला. “पोरीच्या मनगटाचं तुमी तिच्याशी बघा. आता उठा. आमच्या पोराचं रक्त तपासा. सगळ्यांसमोर.”

मुलाने बाही वर केली. माझा हात थरथरत होता, पण कमी. शीर दुसऱ्या खेपेला सापडली. ढाब्याच्या टेबलावर काच ठेवली, रक्ताचे तीन थेंब मांडले, त्यात निळे, पिवळे आणि बिनरंगाचे औषध टाकून काडीने हलवले. रक्त ज्या औषधात फाटलेल्या दुधासारखे होते त्यावरून गट ठरतो. निळ्यात काही झाले नाही. पिवळ्यात, जिथे बी असता तर गोळे झाले असते, तिथेही काही झाले नाही. गोळे फक्त बिनरंगाच्या औषधात झाले, म्हणजे पॉझिटिव्ह. मी पुन्हा केले. तेच.

“ओ पॉझिटिव्ह,” मी म्हणालो. “पण तुमच्या कागदावर तर बी छापलंय.”

मुलगा पहिल्यांदाच बोलला. “ते व्हय? ते झेरॉक्सवाल्यानं टाकलं. माझा गट मलाच कुठं म्हाईत होता? माझ्या दोस्ताच्या बायोडाट्यात माझं नाव बसवून दिलं त्यानं. रक्तगट काय कुणी वाचतं का?”

एक कपाळ, एक दात, एक चुडा. सगळे एका दोस्ताच्या रक्तगटापायी, जो त्या बैठकीला आलाही नव्हता.

चुलता काचेवर वाकून बराच वेळ बघत होता. “म्हणजे बराबर तुमच्याच रक्ताचा निघाला हा?”

“व्हय. ओ.”

“मग तुमच्या हिशोबानं हा तुमच्यासारखा व्हायचा?” तो सरळ झाला. “पोरीचं सोडा. आता आमालाच विचार करावा लागंल, असल्या रक्ताचं पोरगं घरात ठेवावं का न्हाई!”

पहिल्यांदा एक ट्रकवाला हसला. मग मुलगा. मग मी, सुजलेल्या गालाने, एका बाजूने. चुलत्याने मला रोटी वाढली आणि सांगितले, “पोराचं म्हणणं हाय, करीन तर हिलाच. आता पोरगी काय म्हणती ते विचारा.”

पोरगी हो म्हणाली, अक्काही हळूहळू निवळली. पण माझ्याबद्दल तिने वेगळे ठरवून ठेवले होते, ते मला लग्नाच्या दिवशी कळले.

लग्न अक्काच्या दारात, उन्हाळ्यात. गोळ्या घेऊन मला दोन महिने होत आले होते, पँट सुतळीशिवाय राहत होती. माईकवर हाक आली, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. मी नवा फेटा सावरत आतल्या खोलीत गेलो. भाची पाटावर बसली होती. तिने हाताच्या खुणेनेच इतर बायांना बाहेर काढले. मग शेजारची लग्नपत्रिका उचलली.

“मामा, हात पुढं करा. बोटं पसरा.”

दवाखान्यात तिने सगळे पाहिले होते. मी हात पुढे केले. तिने पत्रिका माझ्या बोटांवर ठेवली. बाहेर बँडवाला, माईकवाला दोघेही ओरडत होते. आम्ही दोघे त्या पत्रिकेकडे बघत होतो. मी श्वास धरून ठेवला. ती फडफडली नाही. पण एका कोपऱ्याला, अगदी थोडी, हलली.

भाचीने ती काढून घेतली. नव्या हिरव्या चुड्याच्या खाली तिच्या मनगटावर पांढरी बारीक रेघ होती.

“मामा, तुमी माझ्या मागं उभं राहू नका,” ती म्हणाली. “समोर राहा. मला दिसाल असे.”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

तिच्या मागे अक्काच उभी राहिली. बाई कशी काय मागे, असे कुणीतरी पुटपुटले, तर दाजींनी पडलेल्या दाताच्या फटीतून असे काही ऐकवले की पुन्हा कुणी बोलले नाही. मी समोर, अक्षतांच्या गर्दीत, पहिल्या रांगेत. शेजारी चुलता येऊन उभा राहिला. त्याने माझे उजवे मनगट आपल्या भाजक्या पंजात धरले, नाडी बघावी तसे, आणि शेवटचे मंगलाष्टक संपेपर्यंत सोडले नाही. मी डाव्या हाताने अक्षता टाकल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा भाचीने आधी नवऱ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिले.